माहितीचें कोठार

हल्लीं नोकरीच्या जाहिराती चाळूं लागलें म्हणजे ‘डेटा वेअरहाऊस’ आणि ‘डेटा अॅनालिटिक्स’ हे दोन शब्द वरचेवर दृष्टीस पडतात. मुलांस त्यांचा अर्थ विचारावा, तर “संगणकाचें कांहीं तरी आहे” असें उत्तर येतें. आणि पालक मंडळींना वाटतें कीं, हें आपल्या आवाक्याबाहेरचें कांहीं नवें शास्त्र असावें. वस्तुतः या शब्दांमागील कल्पना फार जुनी आहे. आपल्या वाण्यांना ती ठाऊक होती. पुण्याच्या दफ्तरदारांना ती ठाऊक होती. नवें आहे तें तिचें साधन. या लेखांत संगणकाचीं यंत्रें कशीं चालतात हें सांगावयाचें नाहीं. विखुरलेली माहिती एकत्र कशी करतात, तिच्यापासून उपयुक्त ज्ञान कसें काढतात आणि त्या कामीं माणसानें कोणती सावधगिरी बाळगावी, एवढेंच सांगण्याचा हेतु आहे.

रोजकीर्द आणि खतावणी

दुकानांत दिवसभर जी देवघेव होते, ती घडेल त्या क्रमानें ज्या वहींत लिहितात तिला रोजकीर्द म्हणतात. सकाळीं एकानें साखर नेली, दुपारीं दुसऱ्याचे पैसे आले, संध्याकाळीं हमालास मजुरी दिली. सर्व कांहीं एकाखालीं एक. गिऱ्हाईक समोर उभें असतां असेंच भराभर लिहावें लागतें. परंतु “अमक्या गृहस्थाकडे वर्षाअखेर आपलें येणें किती?” असा प्रश्न मालकानें विचारला, तर त्याच वहीचीं तीनशें पासष्ट दिवसांचीं पानें उलटावीं लागतील, आणि तोंपर्यंत दुकानाचें काम अडून राहील. म्हणून दुसरी वही ठेवावी लागते. रोजकीर्दींतील प्रत्येक रकम उचलून ती ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडतात. ही खतावणी.

रोजकीर्द काय घडलें तें सांगते. खतावणी त्यावरून काय समजावयाचें तें सांगते. पहिली व्यवहारासाठीं, दुसरी विचारासाठीं. विद्यार्थी मित्रांनो, हा भेद नीट ध्यानांत ठेवा. दुकानाच्या गल्ल्यावरील संगणक, बँकेच्या खिडकीवरील संगणक, हे सर्व आजच्या काळच्या रोजकीर्दी होत. त्यांच्यापासून वेगळी, केवळ विचारासाठीं रचलेली जी मोठी खतावणी, तिलाच डेटा वेअरहाऊस म्हणजे माहितीचें कोठार म्हणतात.

पुण्याचें एकबेरीज दफ्तर

हीच व्यवस्था राज्याच्या प्रमाणावर आपल्या महाराष्ट्रांत एकदां होऊन गेली आहे. पेशव्यांच्या दफ्तराचे दोन मुख्य भाग असत. एक चालतें दफ्तर. त्यांत दररोजचें कामकाज चाले. दुसरें एकबेरीज दफ्तर. तें पुण्यास असे. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब या दुसऱ्या दफ्तरांत येत. तेथील कारकून ते वर्गवारीनें लावीत, त्यांच्या विषयवार खतावण्या करीत, आणि साऱ्या राज्याची वर्षाची जमा, खर्च व शिल्लक एकत्र दाखविणारा तर्जुमा तयार करीत. अनेक हिशेबांची एक बेरीज, हा अर्थ त्या नांवांतच आहे. नाना फडणिसांच्या अमदानींत ही व्यवस्था विशेष चोख होती. पुढें दुसऱ्या बाजीरावाच्या काळीं ती बिघडली, आणि १८१८ सालीं राज्यच गेलें.

परंतु कागद राहिले. गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या वर्षांत पेशवे दफ्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. ज्या कारकुनांनीं ते कागद लिहिले, त्यांच्या मनांत इतिहास लिहिण्याचा विचार नव्हता. त्यांनीं आपलें रोजचें काम केलें. तरीहि शेंदीडशें वर्षांनंतर त्या कागदांनीं अगदीं वेगळ्या प्रश्नांचीं उत्तरें दिलीं. नीट लिहून नीट जतन केलेल्या माहितीचा हा मोठा गुण आहे. ती लिहितांना जे प्रश्न कोणास सुचलेले नसतात, त्यांनाहि ती पुढें उपयोगी पडते.

कोठाराचीं चार लक्षणें

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत बँका, विमा कंपन्या व कारखाने यांच्या कचेऱ्यांत संगणक आले, तेव्हां जुनीच अडचण नव्या रूपानें उभी राहिली. विक्री खात्याचे आंकडे एका यंत्रांत, खरेदीचे दुसऱ्यांत, पगाराचे तिसऱ्यांत. एकाचा दुसऱ्याशीं मेळ नाहीं. १९८८ सालीं आयबीएम कंपनींतील बॅरी डेव्हलिन व पॉल मर्फी यांनीं एका निबंधांत या अडचणीवर एक रचना सुचविली. पुढें १९९२ सालीं बिल इनमन या अमेरिकन लेखकाचें या विषयावरील पुस्तक निघालें, आणि हा शब्द सर्वतोमुखीं झाला. इनमन यानें अशा कोठाराचीं चार लक्षणें सांगितलीं आहेत.

पहिलें लक्षण असें कीं, तेथील माहिती विषयवार लावलेली असते. गिऱ्हाईक, माल, विक्री हे तिचे विषय. अमुक खिडकी किंवा तमुक कारकून हे नव्हेत. दुसरें, ती एकरूप केलेली असते, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणांहून आलेली असूनहि एका मापानें व एका नांवानें मांडलेली असते. तिसरें, तिला काळाचें परिमाण असतें. गल्ल्यावरचा संगणक आजचा भाव सांगेल. कोठार मागील वर्षीं याच आठवड्यांत काय भाव होता तेंहि सांगेल. चौथें, ती स्थिर असते. एकदां आंत आलेली नोंद पुसून तिच्या जागीं नवी लिहीत नाहींत. नवी नोंद जुनीच्या शेजारीं येऊन बसते.

निवडणें, पाखडणें, भरणें

खळ्यावरचें धान्य जसेंच्या तसें कणगींत कोणी भरीत नाहीं. तें मळावें लागतें, पाखडावें लागतें, खडे निवडावे लागतात. माहितीचेंहि तसेंच आहे. हें समजण्यासाठीं एका काल्पनिक व्यापाऱ्याचें उदाहरण घेऊं. त्याचीं किराण्याचीं चार दुकानें आहेत. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर व मुलुंड येथें एकेक. मुलुंडचा कारकून ‘तूरडाळ’ लिहितो, घाटकोपरचा ‘तुवेर’, अंधेरीचा ‘अरहर’, तर बोरिवलीचा घाईघाईनें ‘तू. डा.’ एवढेंच लिहितो. आपणांस ठाऊक आहे कीं, ही एकच डाळ. परंतु यंत्रास अक्कल नाहीं. त्याला हे चार निरनिराळे जिन्नस वाटतात. एका दुकानांत किलोंनीं मोजतात, दुसऱ्यांत अर्ध्या किलोच्या पुड्यांनीं. एकानें ३-४ अशी तारीख लिहिली ती ३ एप्रिलची. दुसऱ्याच्या यंत्रांत महिना आधीं लिहिण्याची रीत असल्यानें तीच तारीख ४ मार्चची होते. कोठार उभारणाऱ्यांचा पुष्कळसा वेळ हे खडे निवडण्यांतच जातो. हें काम कंटाळवाणें खरें, पण तें चुकलें तर पुढील सर्व गणित व्यर्थ होय.

निवडलेली माहिती कशी लावावी, याविषयीं राल्फ किंबॉल या दुसऱ्या एका लेखकानें १९९६ सालीं प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांत एक सोपी पद्धति वर्णिली आहे. मध्यभागीं विक्रीच्या आंकड्यांची मोठी वही ठेवावी, व तिच्या भोंवतीं चार लहान वह्या ठेवाव्या: कोणता माल, कोणतें दुकान, कोणता दिवस, कोणतें गिऱ्हाईक. मधला आंकडा ‘किती’ तें सांगतो. भोंवतालच्या वह्या काय, कोठें, केव्हां व कोणी तें सांगतात. या रचनेचें चित्र चांदणीसारखें दिसतें, म्हणून तिला तारकेचेंच नांव पडलें आहे.

दुकानें चार असलीं तर मालक एकेका ठिकाणीं स्वतः जाऊन चौकशी करूं शकेल. परंतु धंदा वाढला म्हणजे हें अशक्य होतें. डीमार्टचें पहिलें दुकान २००२ सालीं आपल्या जवळच पवईस निघालें. ३१ मार्च २०२५ अखेर त्या दुकानांची संख्या ४१५ झाली होती. एवढ्या दुकानांतील हालहवाल एका माणसाच्या डोळ्यांस दिसावी, तर तिच्यासाठीं कोठाराशिवाय गति नाहीं.

आंकड्यांस प्रश्न विचारणें

कोठार भरलें, तरी तें आपण होऊन बोलत नाहीं. त्याला योग्य प्रश्न विचारण्याच्या विद्येस अॅनालिटिक्स, म्हणजे विश्लेषण, म्हणतात. आपल्या काल्पनिक व्यापाऱ्याकडेच पुन्हां जाऊं. जून महिन्यांत त्याच्या चारहि दुकानांत मिळून १००० किलो तूरडाळ खपली. जुलैंत ९०० किलो. खप शंभर किलोंनीं घटला. व्यापारी म्हणतो, “डाळ महाग झाली, लोकांनीं खाणें कमी केलें. आतां भाव उतरवावा.” परंतु त्याचा हिशेबनीस चौकस आहे. तो दुकानवार आंकडे काढतो:

अंधेरी: जून ३००, जुलै ३००
बोरिवली: जून २५०, जुलै २५५
घाटकोपर: जून २५०, जुलै २५०
मुलुंड: जून २००, जुलै ९५

तीन ठिकाणीं खप जवळजवळ जसाच्या तसा. घट सर्व मुलुंडची. मग तो मुलुंडचे आठवडे पाहतो: पहिल्यांत ५०, दुसऱ्यांत ४५, तिसऱ्यांत शून्य, चौथ्यांत शून्य. चांगला चालणारा जिन्नस एकाएकीं शून्यावर येईल कसा? शेवटीं तो विक्रीच्या वहीशेजारीं सांठ्याची वही ठेवतो, आणि उलगडा होतो. तिसऱ्या आठवड्यापासून मुलुंडच्या दुकानांत तूरडाळ शिल्लकच नव्हती! लोक घेण्यास येत होते व रिकाम्या पिशवीनें परत जात होते. व्यापाऱ्यानें भाव उतरविला असता, तर चारहि दुकानांत तोटा सोसला असता, आणि मुलुंडचे लोक तरीहि डाळीवांचूनच राहिले असते.

या लहानशा उदाहरणांत विश्लेषणाच्या चारहि पायऱ्या आलेल्या आहेत. काय झालें, ही पहिली. तें कां झालें, ही दुसरी. हें असेंच चाललें तर पुढें काय होईल, ही तिसरी. आणि म्हणून आपण काय करावें, ही चौथी. पहिल्या पायरीवरून एकदम चौथीवर उडी मारणारा मनुष्य बहुधा पडतो. शिवाय आणखी एक गोष्ट येथें शिकावयाची. वहींतील शून्याचा अर्थ ‘नको’ असाच नसतो; ‘मिळालें नाहीं’ असाहि असूं शकतो. तो कोणता हें ओळखण्यास दुसऱ्या वहीची साक्ष लागते, आणि दोन्ही वह्या एका ठिकाणीं असल्या तरच ती साक्ष मिळते.

जें लिहिलें नाहीं, तें कळत नाहीं

वर्सोवा, अंधेरी व घाटकोपर यांस जोडणारी मेट्रो ८ जून २०१४ रोजीं सुरू झाली. तिची लांबी ११.४ किलोमीटर असून स्थानकें १२ आहेत. तिच्यांतून प्रवास करणाऱ्यानें पाहिलेंच असेल कीं, आंत जातांना एका फाटकावर तिकीट दाखवावें लागतें व बाहेर पडतांनाहि दाखवावें लागतें. त्यामुळें सकाळीं नऊ ते दहाच्या दरम्यान अंधेरीस किती लोक चढले व त्यांपैकीं किती साकीनाक्यास उतरले, हें त्या नोंदींवरून काढतां येतें. याच्या उलट आपली लोकल गाडी पहा. बोरिवलीच्या किंवा मुलुंडच्या प्रवाशानें मासिक पास काढला, म्हणजे पास विकल्याची नोंद झाली. परंतु तो प्रवासी त्या महिन्यांत किती वेळां गेला, कोणत्या गाडीनें गेला, कीं तापानें पंधरा दिवस घरींच निजून होता, यांतलें कांहींच त्या नोंदींत नाहीं. म्हणून तेथें ठराविक फेऱ्या गृहीत धरून अंदाज करावा लागतो. यंत्र कितीहि थोर असलें, तरी जें कोणीं टिपलें नाहीं तें त्याला सांगतां यावयाचें नाहीं.

एका नोंदीची किंमत

हा सर्व विषय केवळ नफ्यातोट्याचा आहे असें कोणास वाटेल, तर त्यानें २०२० सालची करोनाची साथ आठवावी. रोगी मुंबईभर पसरलेले, रुग्णालयें अनेक, आणि प्रत्येकाच्या रिकाम्या खाटांचा हिशेब ज्याच्या त्याच्यापाशीं. घरांत दम लागलेला मनुष्य, आणि त्याचे आप्त एका रुग्णालयामागून दुसऱ्यास दूरध्वनि करीत आहेत, असे प्रसंग त्या दिवसांत पुष्कळ कुटुंबांनीं भोगले. मुंबई महानगरपालिकेचे तेव्हां २४ विभाग होते; अंधेरीचे के पूर्व व के पश्चिम, बोरिवलीचा आर मध्य, घाटकोपरचा एन, मुलुंडचा टी. त्या वर्षीं जूनमध्यें प्रत्येक विभागांत एकेक नियंत्रण-कक्ष उघडण्यांत आला; लोक त्यास ‘वॉर रूम’ म्हणूं लागले. प्रयोगशाळांचे तपासणी-अहवाल पालिकेकडे येत, तेथून त्यांच्या याद्या विभागवार जात, आणि खाटांची स्थिति एकत्र पाहून कोणत्या रोग्यास कोठें न्यावयाचें तें विभागांतूनच ठरविलें जाई.

येथें एकबेरीज म्हणजे काय, तें सर्वांस कळलें. आणि एका नोंदीची किंमतहि कळली. भरलेली खाट जर तासभर ‘रिकामी’ अशी लिहिलेली राहिली, तर एक रुग्णवाहिका तेवढ्या वेळांत भलत्या दारीं जाऊन उभी राहते. नोंद करणारा कारकून कोणाच्या नजरेस पडत नाहीं; पण त्याच्या प्रामाणिकपणावर दुसऱ्याचा जीव अवलंबून असूं शकतो.

सावधगिरीचे दोन शब्द

पहिला शब्द विद्यार्थ्यांस. दोन आंकडे बरोबर वाढले म्हणजे एक दुसऱ्याचें कारण झालें असें समजूं नका. ज्या दिवशीं घाटकोपरच्या बाजारांत छत्र्या फार खपतात, त्याच दिवशीं लोकल गाड्याहि उशीरा धांवतात. म्हणून छत्र्यांनीं गाड्या अडविल्या काय? दोहोंचें कारण पाऊस, आणि तो या दोन्ही वह्यांत लिहिलेला नाहीं! असा न लिहिलेला पाऊस शोधून काढणें, हेंच खऱ्या विश्लेषकाचें कसब.

दुसरा शब्द पालकांस. दुकानांत बिल करतांना आपला मोबाईल क्रमांक विचारतात. तो दिला म्हणजे आजची खरेदी कालच्या खरेदीशीं जोडली जाते. घरांत बाळ आहे कीं नाहीं, कोणास मधुमेह आहे, महिनाअखेरीस हात आंखडतो कीं काय, असें पुष्कळ कांहीं त्या वाणसामानाच्या याद्यांवरून अजमावितां येतें. यांत वाईटच हेतु असतो असें नाहीं; परंतु ज्याची माहिती त्याला निदान एवढें ठाऊक असावें कीं, ती कोठें जाते व कशासाठीं. २०२३ च्या ऑगस्टांत डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. त्यांत अठरा वर्षांखालील व्यक्तीस बालक मानिलें असून, बालकाची माहिती वापरण्यापूर्वीं आईबापांची पडताळून घेतलेली संमति असावी असें म्हटलें आहे. म्हणून मुलांनीं कोणत्याहि अनोळखी फॉर्मवर नांव, पत्ता व जन्मतारीख भरण्यापूर्वीं घरीं विचारावें, आणि आईबापांनीं “कशासाठीं?” हा एक प्रश्न विचारण्यास संकोच करूं नये.

दोन कोठारें

पवित्र शास्त्रांत कोठारांच्या दोन कथा आहेत. उत्पत्तीच्या पुस्तकांतील योसेफानें सुकाळाच्या सात वर्षांत भोंवतालच्या शेतांचें धान्य नगरोनगरीं सांठवून ठेविलें, आणि दुष्काळ आला तेव्हां त्यानें लोकांचे प्राण वांचविले. लूककृत शुभवर्तमानांतील दृष्टांतांत दुसरा एक धनवान आहे. त्यानेंहि जुनीं कोठारें मोडून मोठीं बांधण्याचा बेत केला; परंतु त्याचा सर्व विचार स्वतःपुरताच होता, आणि त्या रात्रींच त्याचा प्राण मागितला गेला. दोघांनीं धान्यच सांठविण्याचें मनांत आणलें. फरक हेतूंत होता. माहितीच्या कोठारांसहि हीच कसोटी लावावी. मुलुंडच्या गिऱ्हाइकास डाळ मिळावी किंवा अंधेरीच्या रोग्यास खाट मिळावी म्हणून जें कोठार भरलें, तें योसेफाच्या जातीचें होय.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं जण पुढें या कामास लागतील. त्यांस गणित लागेल, यंत्राचें ज्ञान लागेल. पण त्याहून आधीं स्वच्छ नोंद करण्याची संवय लागेल. ती आज, याच शाळेंत लावून घेतां येते. प्रयोगशाळेच्या वहींत उष्णतामान जेवढें दिसलें तेवढेंच लिहा; पुस्तकांतील उत्तराशीं जुळावें म्हणून अर्धा अंश वाढवूं नका. हजेरीच्या वेळीं गैरहजर मित्रासाठीं ‘हजर’ म्हणूं नका. जो मुलगा एक आंकडा खरा लिहावयास शिकला, त्याच्या हातीं पुढें लाखों आंकडे निर्धास्तपणें सोंपवितां येतील.